चौदा परस दोर

"आवं, दिल्लीला चाललाय का मोट हाकायला?"

साळूबाईच्या पुढ्यात पत्र्याची ट्रंक उघडी होती. सकाळी तिने त्यात नवऱ्याची दोन धोतरं, स्वेटर, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असं सगळं नीट रचून ठेवलं होतं. आता त्यातलं काहीच दिसत नव्हतं. ट्रंकेत अंबाडीचा नवाकोरा दोर वेटोळं घालून बसला होता आणि दशम्यांचं गाठोडं बाहेर भुईवर पडलं होतं.

"दोर लागतोय," बन्सी तागड म्हणाला.

"कशाला? दिल्लीत पानी शेंदून प्यावं लागतं व्हय?"

"मिनार मोजायचाय."

लग्न होऊन धोंडेवाडीत आल्यापासून, म्हणजे गेली अठ्ठावीस वर्षं, साळूबाईने त्या मिनाराचं नाव जेवढं ऐकलं होतं तेवढं स्वतःच्या माहेरचंही ऐकलं नव्हतं. तिने दशम्यांचं गाठोडं उचललं आणि गुपचूप दुसऱ्या पिशवीत ठेवलं.

मिनाराची ही भानगड बन्सीच्या बापापासूनची. भीमा तागडाने ऐन जवानीत नेवाशाजवळच्या त्या खडकाळ माळावर पहार आणि सुरुंगाच्या जोरावर चौदा परस विहीर खोदली. परस म्हणजे एका पुरुषाची उंची. चौदा माणसं एकाच्या डोक्यावर एक अशी उभी केली, तर शेवटच्याचं मुंडासं विहिरीच्या काठाशी यावं इतकी ती खोल. पाणीही असं लागलं, की उन्हाळ्यात शिवारातल्या बाकीच्या विहिरी तळ दाखवायला लागल्या तरी ही आटत नसे. भीमाने ती सगळ्या गावाला खुली करून दिली. पुढे गावातला एक शिपाई पलटणीतून रजेवर आला आणि पारावर बसून दिल्लीच्या कुतुबमिनाराचं वर्णन करू लागला. भीमाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि म्हणाला, "आना तुमचा मिनार. आपल्या हिरीत उभा करू. बुडंल!"

त्या दिवसापासून ती 'मिनार विहीर' झाली. भीमाला जाऊन दहा वर्षं झाली तरी नाव राहिलं. खरी अडचण आली ती एकाहत्तर सालच्या जानेवारीत, ग्रामपंचायतीने पत्र्याच्या चार पाट्या आणल्या तेव्हा. शाळा, चावडी, मारुतीचं देऊळ आणि विहीर, अशा चार ठिकाणी त्या लावायच्या होत्या. रंगवायचं काम अर्थातच रंगनाथ गुरुजींकडे आलं, कारण गावात सुवाच्य अक्षर त्यांचं एकट्याचंच होतं. तीन पाट्या झाल्या. चौथीपाशी गुरुजी अडले.

"'मिनार विहीर' असं मी लिहिणार नाही," त्यांनी बन्सीला सांगितलं. "'भीमा तागड यांची विहीर' एवढं लिहितो. कुतुबमिनार दोनशे अडतीस फूट आहे. पुस्तकात दिलंय."

"पुस्तक छापनारा दोर घिऊन वर गेल्ता का?"

"बन्सी, ती पाटी गावातली पोरं रोज वाचणार. मी शाळेत एक शिकवायचं आणि विहिरीवर दुसरं लिहायचं, हे जमणार नाही. मी आजवर खोटं लिहिलं नाही की बोललो नाही."

यात गुरुजी काही फुशारकी मारत नव्हते. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी सहज विचारलं होतं, "काय गुरुजी, शाळा वेळेवर भरते ना?" तेव्हा, "गेल्या मंगळवारी सहा मिनिटं उशीर झाला," असं सांगून त्यांनी आपण होऊन स्वतःवर लाल शेरा ओढवून घेतला होता. अशा माणसापुढे कुणाचं काय चालणार?

पण बन्सीही हट्टाला पेटला. त्याला पाटीचं एवढं कौतुक नव्हतं. मात्र पाटीवरून 'मिनार' गेला, की उद्या सगळं गाव म्हणणार, भीमा तागड थापाड्या होता. बापाने मागे दोनच गोष्टी ठेवल्या होत्या, एक ती विहीर आणि दुसरा तो शब्द. विहीर गावाची झाली होती. शब्द तेवढा बन्सीकडे होता, आणि तो खोटा ठरू देणं त्याच्या जिवावर आलं होतं.

नेमकी त्याच महिन्यात साखर कारखान्याने सभासदांची दिल्लीची सहल काढली. सव्वीस जानेवारीचं संचलन, लाल किल्ला आणि कुतुबमिनार. जोडप्याने येण्याची मुभा होती. दोन एकर उसामुळे बन्सी सभासद होता आणि तीन एकरांमुळे गुरुजीही. तेव्हा पारावर सर्वांसमक्ष ठरलं, की आता दोरच काय तो निकाल देईल. निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या देखत दोराला पितळी तांब्या बांधून तो विहिरीत सोडला. तांब्या तळाला टेकला तसा काठाशी येणारा दोर गुरुजींनी स्वतः पकडला आणि वरचा जास्तीचा तुकडा विळ्याने कापून टाकला.

"आता हा दोर म्हणजे विहीर," गुरुजी म्हणाले. "यात बोटभरसुद्धा फरक व्हायला नको. मिनारावरून सोडल्यावर तांब्या जमिनीला टेकला, तर मी 'मिनार विहीर' लिहीन. अगदी तेल-पाणी दिल्यासारखं चकचकीत लिहीन."

"आन न्हाई टेकला तर मी पुन्ना नाव काढनार न्हाई," बन्सी म्हणाला. हे बोलताना त्याचा आवाज जरा बसला, ते साळूबाईच्या कानांनी बरोबर टिपलं.

दिल्लीच्या थंडीने धोंडेवाडीकरांची दातखीळ बसवली. संचलनातले रणगाडे बघताना माणसं रणगाड्यांपेक्षा जास्त वाजत होती. पण चौथ्या दिवशी सकाळी कुतुबमिनारापाशी उतरताना सगळे कुडकुडत असताना बन्सीच्या कपाळावर मात्र घाम होता. त्याने तो चौदा परस दोर बंडीवरून कमरेला, पोटाला, छातीला गुंडाळला होता आणि वरून सदरा आणि कोट चढवला होता. मुळात हा माणूस काटकुळा. त्या दिवशी मात्र तो कारखान्याच्या चेअरमनसारखा दिसत होता. तांब्या साळूबाईच्या पिशवीत होता.

मिनार बघायला बन्सीने डोकं वर केलं. मान मागे, आणखी मागे, एवढी मागे गेली की गुलाबी पटका डोक्यावरून घसरला. तो त्याने हवेतल्या हवेत झेलला. शेजारी उभ्या असलेल्या गुरुजींनी पाटी वाचली आणि घसा साफ केला.

"बन्सी, एक अडचण आहे. वरचे मजले बंद आहेत. लोकांना पहिल्या मजल्यापर्यंतच सोडतात."

बन्सीने पुन्हा एकदा वर पाहिलं. पाच मजल्यांपैकी चार बंद, ही बातमी ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली, ती गुरुजींच्या नजरेतून सुटली नाही.

"मंग सरकारनं जेवढा उघडा ठेवलाय तेवढाच मिनार धरायचा," तो म्हणाला. "वरचा बंद हाय. बंद दुकानातला माल कुनी धरतं का?"

"असं कसं?"

"आसंच. तुमी काय म्हनला हुता? मिनारावरनं सोडल्याव तांब्या टेकला तर. कितव्या मजल्यावरनं, ते बोलला न्हवता."

गुरुजी शब्दाचे पक्के असल्यामुळे शब्दातच अडकले. शिवाय पहिला मजलाच पंच्याण्णव फुटांवर होता आणि विहीर भरत होती जेमतेम चौऱ्याऐंशी. दोर अकरा फूट कमी पडणार हे उघड होतं. त्यांना बन्सीची दया आली, आणि दया आली की माणूस उदार होतो. "बरं, पहिला मजला तर पहिला मजला," ते म्हणाले.

दाराशी खाकी कोटातला चौकीदार उभा होता. गुरुजी साक्षीदार म्हणून खाली थांबणार होते आणि साळूबाईचे गुडघे धरले होते, म्हणून बन्सी एकटाच पुढे झाला. चौकीदाराने हात आडवा घातला. हिंदी येणारा एकच माणूस सहलीत होता, कारखान्याचा ट्रॅक्टर ड्रायव्हर कादर. त्याला हाक गेली. कादर मोठा सरळ माणूस होता. ऐकलं तसंच्या तसं पोचवायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही आणि काढायचंही नाही, असा त्याचा खाक्या होता.

"बन्सीदादा, हितं एकट्याला वर सोडत न्हाईत," कादरने सांगितलं. "मागं काही लोकांनी वरनं उड्या टाकल्या म्हनं."

"आरं तिच्या!" बन्सी भडकला. "त्याला म्हनावं, जीव द्यायचा आसता तर दिल्लीला कशाला आलो आसतो? घरची हीर काय वाईट हाय का?"

कादरने मान डोलावली आणि चौकीदाराकडे वळून म्हणाला, "बोलता है, जान देने के वास्ते घर का कुआँ भी अच्छा है।"

चौकीदाराचा चेहरा बदलला. तो दोन पावलं मागे सरकला, मग तीन पावलं पुढे आला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाईसाहब, घर में कोई तकलीफ़ है?"

"काय म्हनतोय?" बन्सीने विचारलं.

"घरी काय तरास हाय का, इचारतोय."

"तरास? ह्या गुर्जींचा तरास हाय. माज्या मेलेल्या बापाला खोटं पाडायला निघालंत. आज एकदाचा सोक्षमोक्ष लावतो म्हनावं, वर जाऊन!"

कादरने तेही अगदी इमानदारीने पोचवलं. बाप मेला आहे, मास्तर छळतात, आज वर जाऊन सोक्षमोक्ष लावणार आहे. हे ऐकून चौकीदाराने बन्सीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि त्याच वेळी कोटाच्या खालच्या बटणाजवळून अंबाडीच्या दोराचं वीतभर टोक बाहेर डोकावलं.

यानंतर पंधरा मिनिटं तिथे जो गोंधळ झाला तो कादरच्या भाषांतराने वाढतच गेला. शेवटी साळूबाई पुढे आली. तिला हिंदीचं एक अक्षर येत नव्हतं, पण तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि चौकीदाराला अस्सल धोंडेवाडीच्या भाषेत सांगितलं, "दादा, ह्यो मानूस साधा हाय. मी जाते याच्यासंगं."

आवाजातला तो सूर चौकीदाराला कळला असावा. त्याने परवानगी दिली, पण अट घातली, की बाईने पूर्ण वेळ नवऱ्याचा हात धरून ठेवला पाहिजे.

ही अट ऐकून सगळी सहल लाजली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्या दोघांनी चारचौघांत एकमेकांचा हात धरला होता तो एकदाच, लग्नात, तोही भटजींनी धरायला लावला म्हणून. साळूबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग तिने बन्सीच्या कोटाखालून डोकावणारं ते दोराचं टोक पकडलं आणि चौकीदाराकडे पाहून मान हलवली. धरला तर आहे ना? चौकीदाराने कपाळावर हात मारला आणि वाट सोडली.

आत अंधार होता. दगडी जिना गोल गोल वर जात होता. बन्सी पुढे आणि टोक धरून साळूबाई पाठीमागे. तीस-चाळीस पायऱ्यांवर साळूबाईचे गुडघे बोलायला लागले.

"तुमी व्हा म्होरं. मी दम खाऊन येते," ती म्हणाली आणि एका कोनाड्यात टेकली. टोक मात्र तिने सोडलं नाही. चौकीदाराला तसा शब्द दिला होता ना!

बन्सी वर निघाला. जिना गोल, त्यामुळे बन्सीही गोल फिरत होता, आणि तो जसजसा फिरत होता तसतसा कमरेचा दोर आपोआप सुटत होता. दर वळणाला आपल्याला हलकं हलकं वाटतंय ही गोष्ट त्याने दिल्लीच्या हवेच्या खाती टाकली. मागून येणाऱ्या लोकांच्या हाताला अंधारात भिंतीलगत दोर लागला. त्यांना वाटलं, सरकारने धरायला सोय केली आहे. एक धरतो म्हणून दुसऱ्याने धरला. थोड्याच वेळात एक पंजाबी कुटुंब, दोन मद्रासी म्हातारे आणि कॉलेजातल्या पाच-सहा मुली बन्सीच्या बापाची विहीर धरून मिनार चढत होत्या.

वर सज्जात पोचल्यावर बन्सीने कोट उघडला तर पोटावर दोनच वेढे! त्याने घाबरून दोर ओढला. जिन्यातून तेरा माणसं ओरडली. खालून साळूबाईने, नवरा बोलावतोय असं समजून, उलटा हिसका दिला. बन्सी दारात आडवा झाला. शेवटी त्या दोराला धरूनच सगळे वर आले, सर्वांत शेवटी धापा टाकत साळूबाई आली, आणि पंजाबी गृहस्थाने बन्सीच्या पाठीवर थाप मारून "बहुत अच्छा इंतज़ाम" असं म्हणून त्याचे आभार मानले.

आता मुख्य काम राहिलं होतं. माणसं पलीकडच्या बाजूला सरकली. बन्सीने दोराला तांब्या बांधला, कठड्यापाशी गेला, खाली डोकावला, आणि जागच्या जागी खाली बसला.

"काय झालं वो?"

"गरागरा फिरतंय सगळं."

चौदा परस विहिरीत हा माणूस लहानपणापासून माकडासारखा उतरत आला होता. पण विहिरीत खोली असते ती अंधारात. ती बघावी लागत नाही. इथे सगळी दिल्ली खाली उघडी पडली होती. बन्सीने भिंतीला पाठ लावली, डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी दगड धरला. वारा मी म्हणत होता. पटका उडेल म्हणून तो त्याने आधीच काढून मांडीवर घेतला होता.

"तूच सोड," तो म्हणाला. "टेकला का बग आन मला सांग."

साळूबाईने कठड्यावरून तांब्या सोडला. हे काम तिच्या हाताचंच होतं. रोज चाळीस घागरी शेंदणारी बाई ती. खाली गुरुजी मान वर करून उभे होते. मिनार वर निमुळता आणि खाली रुंद, त्यामुळे अर्ध्यावर गेल्यावर तांब्या भिंतीला आपटून ठण्ण, ठण्ण असा वाजू लागला. दोर सुटत गेला, सुटत गेला आणि साळूबाईच्या हातात नुसतं टोक राहिलं. तांब्या जमिनीपासून पावणेदोन परस वर लोंबकळत होता.

"टेकला का?" बन्सीने डोळे न उघडता विचारलं.

साळूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. पांढरे केस वाऱ्यावर उडताहेत, डोळे मिटलेले आहेत आणि ओठ हलताहेत. देवाचं नाव घेत असेल असं तिला वाटलं, पण तो "आबा, आबा" असं पुटपुटत होता. सासरा तिला लेकीसारखा होता. विहिरीवर पहिल्यांदा तिच्या हातात दोर दिला तो त्यानेच, आणि गाठ कशी मारायची तेही त्यानेच शिकवलं.

"न्हाई आजून. चाललाय खाली," ती म्हणाली. मग तिने एका हाताने टोक धरून दुसऱ्या हाताने त्याच्या मांडीवरचा पटका हलकेच ओढला, त्याचं टोक दोराच्या टोकाला बांधलं आणि पटका हळूहळू खाली सोडायला सुरुवात केली.

खाली रंगनाथ गुरुजींनी ते पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं. दोराच्या मागोमाग कठड्यावरून गुलाबी पटका उतरू लागला, आणि तांब्या त्यांच्या डोळ्यांसमोरून, छातीसमोरून, गुडघ्यासमोरून जात जमिनीला टेकला. त्यांनी वर पाहिलं. ज्या बाईने वीस वर्षांत त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता, ती पदराचं भान विसरून एका हाताने पटका धरून वाकली होती आणि दुसरा हात तिने कपाळाला लावला होता. नमस्काराला दोन्ही हात मोकळे नव्हते.

"गुर्जीऽऽ! टेकला का?" वरून बन्सीची हाक आली.

गुरुजींना त्या क्षणी बावन्न सालचा उन्हाळा आठवला. नवीन बदली होऊन ते गावात आले होते, ओळख ना पाळख. आणि रोज सकाळी दारात एक भरलेली घागर असायची. भीमा तागड आणून ठेवायचा. "मास्तर पानी भराय लागला तर पोरं कोन शिकवनार?" एवढंच म्हणायचा.

"टेकलाऽऽ!" ते ओरडले. आणि लगेच त्यांनी मनाशी बजावलं, की यात खोटं काही नाही. तांब्या टेकलाच होता.

पण तांब्याच्या त्या ठणठणाटाने चौकीदार धावत आला होता. आधीच संशय असलेला माणूस, वरून लोंबणारा दोर आणि त्याला पटका. त्याने जोरात शिट्टी फुंकली, दोर पकडला आणि सगळी ताकद लावून खाली ओढला. वर साळूबाईच्या हातून पटका निसटला. चौदा परस दोर आणि सात वार पटका एका मागोमाग चौकीदाराच्या अंगावर येऊन कोसळला, आणि त्या ढिगाऱ्यातून शिट्टी तेवढी वाजत राहिली.

गुरुजी पुढे धावले. त्यांनी चौकीदाराला सोडवायचं सोडून आधी पटका सोडवला. गाठ पक्की होती, पण दातांनी सुटली. बन्सी खाली उतरून दारातून बाहेर येईपर्यंत पटक्याची घडी गुरुजींच्या काखेत होती. उतरताना बन्सीला काही झालं नव्हतं. खाली जाणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"टेकला ना गुर्जी? सोताच्या डोळ्यांनी बगितला ना?"

"बघितला."

"आन माजा पटका?"

"वाऱ्याने... वाऱ्याने उडाला," रंगनाथ गुरुजी म्हणाले आणि काखेतली घडी त्यांनी त्याच्या हातात दिली. चोपन्न वर्षांच्या आयुष्यातलं त्यांचं हे पहिलं खोटं. सवय नसल्यामुळे त्यांना चक्क ठसका लागला.

एवढ्यात चौकीदार उभा राहिला. तो संतापून दोर दाखवत, पटक्याकडे बोट करत, हातवारे करत बोलायला लागला. रस्सी छोटी पड गई थी, औरत ने पगड़ी बाँध दी, आणि आणखी बरंच काही. साळूबाई नवऱ्याच्या मागे उभी राहून जमिनीकडे बघत होती. गुरुजी आभाळाकडे बघत होते.

"काय म्हनतोय रं कादर?" बन्सीने विचारलं.

कादरने साळूबाईकडे पाहिलं. मग गुरुजींकडे पाहिलं. त्या सकाळी त्याने एक शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता, आणि त्यातूनच एवढं रामायण घडलं होतं.

"म्हनतोय," कादर म्हणाला, "लई खोल हीर हाय तुमची."

"सांग त्याला," बन्सी पटका बांधत म्हणाला, "माज्या बापानं खोदलीय."

चौकीदाराने दोर जप्त केला आणि तांब्या परत दिला. बन्सीचं नाव-गाव लिहून घेतलं ते वेगळंच. परतीच्या प्रवासात मनमाड येईपर्यंत बन्सीने सगळ्या डब्याला मिनाराची गोष्ट तीनदा सांगितली. गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना जेवण जाईना. 'टेकला' हा शब्द खरा होता, पण 'उडाला' खोटा होता, आणि आता पाटीही रंगवायची होती.

आठ दिवसांनी सकाळी गुरुजी विहिरीवर स्टुलावर बसून पाटी लिहीत होते. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं: 'मिनार विहीर. खोदणारे: भीमा तागड.' हात नेहमीसारखा चालत नव्हता. 'मि'ची वेलांटी त्यांनी दोनदा पुसली होती. बन्सी येऊन पाठीमागे उभा राहिला.

"गुर्जी, खाली आजून एक वळ बसंल का?"

"कसली ओळ?"

"'व सून साळूबाई' आसं ल्हिवा."

"साळूबाईंनी कुठे विहीर खोदली? त्या या घरात आल्या तेव्हा विहीर होऊन पंधरा वर्षं झाली होती."

"चौदा परस आबानं खोदली," बन्सी म्हणाला. "वरची पावनेदोन तिनं खोदली. दिल्लीला. तुमच्याम्होरंच की!"

गुरुजींच्या हातातला ब्रश पत्र्यावरच थांबला. "म्हणजे... तुला माहीत होतं?"

"डोळं मिटलं हुतं गुर्जी. पर मांडीवरनं सात वार पटका सरकत जातोय, ते बी कळंना व्हय मला? थांबवावं म्हनलं. पर थांबवनं झालं न्हाई."

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा चढवला आणि ब्रश रंगात बुडवला. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा हात मोकळा चालला. "आता पाटी खरी झाली," ते स्वतःशीच म्हणाले. मग थोडं थांबून, "पहिल्या मजल्यापुरती."

ओळ पुरी होतेय तोच साळूबाई घागर घेऊन पाण्याला आली. तिला वाचता येत नव्हतं, पण पाटीवर दोन ओळी ठरल्या होत्या हे तिला ठाऊक होतं. इथे तर तीन होत्या.

"ही खालची वळ कशाची वो?" तिने विचारलं.

"ती व्हय?" बन्सीने डोक्यावरचा पटका सारखा केला आणि विहिरीत बघत म्हणाला, "दोर कमी पडला हुता ना, त्याची."

साळूबाईने एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि घागर न भरताच घराकडे चालू लागली.